मॅनर लॉर्ड्स: बैल किती घ्यावेत आणि बांधावेत कुठे?

रात्रपाळी

या गेमवर लढाया, भाडोत्री सैनिक आणि शेजारच्या बॅरनची दादागिरी यांवर रग्गड लिहून झालंय. बैलांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोलंडच्या ग्रेग स्टिचेन यांचा हा गेम २६ एप्रिल २०२४ ला अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला खुला) आला. काळ चौदाव्या शतकाचा उत्तरार्ध, मुलूख जर्मनीतला फ्रँकोनिया. मोकळी जमीन, पाच कुटुंबं, तंबू, थोडा शिधा आणि एक बैल. एवढ्यावर गाव वसवायचं.

तर या गावात दगड, फळ्या, पोती, सरपण सगळं माणसं वाहतात. ओंडका मात्र बैलाशिवाय जागचा हलत नाही. एका खेपेला एकच ओंडका, मागे जमिनीवरून घासत येणारा, आणि पुढे बैल धरून चालणारा एक माणूस. साध्या घराला (बर्गेज प्लॉट) दोन ओंडके लागतात. पाच घरं आखली की दहा ओंडके. ते आधी जंगलातून लॉगिंग कॅम्पात (लाकूडतोड्यांच्या तळावर) आणून टाकले असतील, तर तिथून बांधकामापर्यंत पुन्हा दहा खेपा. म्हणजे वीस भरलेल्या आणि साधारण तेवढ्याच रिकाम्या. एवढ्यात गेमातला ऋतू बदलतो. आपण मात्र स्क्रीनवर "मजूर कमी पडताहेत" असं समजून आणखी कुटुंबं बांधकामाला मोकळी सोडतो आणि ती सगळी ओंडक्याची वाट बघत उभी राहतात.

माझं म्हणणं एवढंच, की बैल वाढवायच्या आधी त्याचं चालणं कमी करा. हिचिंग पोस्ट, म्हणजे बैल बांधायची जागा, सगळे जण गावाच्या मधोमध टाकतात, कारण नकाशावर ती तिथे छान दिसते. ती लॉगिंग कॅम्प आणि पुढची घरं जिथे होणार आहेत ती जागा, या दोहोंच्या मध्ये हवी. एकदा व्हिजिट मोडमध्ये उतरून सरदाराच्या पायांनी बैलामागे चालत जा. माणूस आधी आपल्या जागेवरून पोस्टपर्यंत येतो, बैल सोडतो, दोघं रमतगमत जंगलात जातात, ओंडका अडकवतात, आणि मग कुठे कामाची खरी खेप सुरू होते. अर्धा वेळ नुसता रिकामं चालण्यात जातो. वरून कॅमेऱ्यातून हे कधीच लक्षात येत नाही.

तुम्ही कसं करता?

जुनागेमर

झकास धागा. या आजाराची पहिली लागण मला २००१ च्या स्ट्राँगहोल्डमध्ये झाली. तिथे दगडाच्या खाणीजवळ ऑक्स टेदर (दगड वाहणाऱ्या बैलाचा खुंट) बांधावा लागायचा. खाणीत दगडांचा ढीग पडलेला, स्टॉकपाइलमध्ये एक दगड नाही, आणि भिंत अर्धी. नवखा माणूस दुसरी खाण काढायचा. खरं तर खाण तीच ठेवून शेजारी आणखी दोन टेदर टाकले की काम व्हायचं.

त्याच्याही आधी सेटलर्स २, साल १९९६. तिथे रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर एक हमाल असतो. तो तुकडा गजबजला की त्याच्या मदतीला गाढव येतं. गाढवं पैदा करायला धान्य आणि पाणी लागतं, म्हणजे जनावराचा खर्च गावाच्या अंगावर पडतो. वाहतूक कुठे तुंबलीय हे गाढव बघून कळायचं.

मधल्या काळात बॅनिश्ड (२०१४) आला. बाकी सगळं अप्रतिम, पण गुरं कुरणात चरणार आणि मांस, लोकर, कातडं देणार. ओढायचं काम शून्य. सगळं ओझं माणसाच्या पाठीवर. मॅनर लॉर्ड्सने बैलाला पुन्हा कामाला जुंपलं, हे मला तरी फार आवडलं.

शंकेखोर

एवढा विचार कशाला? रिलीजच्या वेळी बैल २० रीजनल वेल्थला (गावाच्या पुंजीतून) मिळत होता. सहा-सात घ्या आणि मोकळे व्हा. मी तसंच करतो. पोस्ट कुठेही असो, एवढे बैल असले की कोणता ना कोणता जवळ सापडतोच.

हिशेबनीस

@शंकेखोर, तिसऱ्या वर्षी हे ठीक आहे. पहिल्या वर्षी तीच रीजनल वेल्थ अंगणातल्या कोंबड्या-शेळ्यांना लागते, व्यापाराचा मार्ग उघडायला लागते. सरदाराची तिजोरी वेगळी, गावाची पुंजी वेगळी, आणि बैल गावाच्या पुंजीतून येतो. शिवाय विकत घेतला की लगेच दारात हजर होत नाही, वाट तुडवत यावं लागतं त्याला.

दुसरा बैल मात्र सगळ्यांत आधी घ्यावा याबद्दल दुमत नसावं. एकाला लॉगिंग कॅम्पच्या नावावर लावायचं, दुसरा बांधकामाला मोकळा. आता इथे बरेच जण फसतात. कॅम्पला नेमलेला बैल कॅम्पचंच काम करतो. घर अर्धवट पडलं असलं तरी तो ढुंकून बघत नाही. एकच बैल असताना तो कॅम्पला बांधून टाकला, तर कॅम्पात ओंडक्यांची रास आणि गावात एकही घर नाही, अशी मजा होते.

रात्रपाळी

@शंकेखोर, सात बैल म्हणजे त्यांना धरून चालायला सात माणसं. ती कुठून आणणार? बैल एकटा चालत नाही. मोकळी कुटुंबं नसतील तर पोस्टपाशी पाच बैल उभे आणि ओंडके जंगलात, हे दृश्य मी दुसऱ्यांच्या व्हिडिओंत कितीदा तरी पाहिलंय. खाली प्रतिक्रियांत लोक लिहितात, गेममध्ये बग आहे. अहो बग कसला, धरायला माणूस नाही!

पोस्टचा तबेला केला की तिथे एक कुटुंब कायमचं नेमता येतं. ते कुटुंब इतर बांधकामात हात घालत नाही, बैलच हाकतं. मी ते बर्‍यापैकी लवकर करतो.

शंकेखोर

हम्म. सात माणसांचा मुद्दा मान्य. पण सात बैल दिसतात छान, हा माझा मुद्दा अजून शाबूत आहे.

वाचनमात्र

मी गेम खेळत नाही, नवरा खेळतो, मी शेजारी बसून बघते. मला एक सांगा, घोडे असताना बैल का? घोडा जास्त वेगाने चालतो ना?

कुळवाडी

सांगोल्याकडचा आहे, घरी खिल्लार होते, आता नाहीत. भाच्याने हा गेम दाखवला तेव्हा मी दोन गोष्टींवर अडकलो.

पहिली, नांगराला एकच बैल! शेताचा कोपरा आला की तो एकटा वळतो आणि परत येतो. औताला जोडीच असते. जू दोघांच्या मानेवर, मध्ये दांडी, आणि दोघांची चाल जुळलेली. एक बैल तेज आणि एक मठ्ठ असला तर तास सरळ जात नाही. काही बैल तर डाव्या अंगालाच चालतात, उजवीकडे जुंपले की अडून बसतात. खोंड औताला धरायचा तर त्याच्या जोडीला शिकलेला म्हातारा बैल लावायचा, तो त्याला चालवून घेतो. यात महिने जातात. इथे पैसे टाकले की शिकूनसवरून तयार झालेला बैल येतो.

दुसरी गोष्ट मोठी आहे. हा बैल खात नाही. मी पाहिली त्या आवृत्तीत ना कडबा, ना पेंड, ना पाणी. दावणीचं जनावर बाराही महिने खातं आणि काम मात्र हंगामाचं. आमच्याकडे जोड्या विकल्या गेल्या त्या याच हिशेबाने. ट्रॅक्टर तासावर भाड्याने मिळतो आणि शेडमध्ये उभा असताना काही खात नाही. त्यामुळे शंकेखोरांना सात बैल परवडतात. चारा लागू केला तर ते दोनावर येतील.

शंकेखोर

दोनावर कशाला, मी सरळ विकून ट्रेडिंग पोस्ट टाकेन :)

गढीवाली

@वाचनमात्र, प्रश्न अगदी योग्य आहे आणि हाच वाद त्या काळातही रंगलेला होता.

तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये वॉल्टर ऑफ हेनली नावाच्या गृहस्थाने शेतीव्यवस्थेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. तो बैलाच्या बाजूचा. त्याचं गणित असं: घोड्याला रात्री ओट्स घालावे लागतात, नाल मारावे लागतात, त्याचा खर्च वर्षभर चालू. बैलाला गवत आणि कडब्यावर भागतं. जमीन कठीण असली की घोडा थांबतो, बैल रेटत राहतो. आणि म्हातारा झाल्यावर बैल थोडं चारून खाटकाला विकता येतो, घोड्याचं मात्र कातडंच काय ते हाती लागतं. म्हणजे जनावर विकताना भांडवल परत मिळतं की नाही, हेसुद्धा त्याने धरलंय.

वेगाबद्दल त्याने दिलेलं कारण तर भारीच आहे. घोडा जलद चालतो हे खरं, पण नांगरणारे गडी इतके खट असतात की घोड्याचा नांगर ते बैलाच्या नांगरापेक्षा जास्त पळूच देत नाहीत! सात-आठशे वर्षांपूर्वीच्या सुपरवायझरची तक्रार.

प्रत्यक्षात दोन्ही चाललं. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या शतकांत गाड्या ओढायचं काम बरंचसं घोड्यांकडे गेलं, नांगराला बैल टिकले, आणि कुठे कुठे बैल-घोडे एकाच नांगराला मिसळून जुंपायचे. घोडा परवडायचा तर ओट्स पिकवायला जागा हवी. तीन शेतांची फेरपालट असते (एकात हिवाळी पीक, एकात वसंतातलं, एक पडीत) तिथे वसंतातल्या पिकात ओट्स बसतात. गेममध्ये फेरपालट आहे, पण सुरुवातीला आलेल्या पिकांत गहू, बार्ली, राय आणि जवस. ओट्स नाहीत, त्यामुळे हा सगळा पेच गायबच.

वाचनमात्र

वा! "गडी घोड्याला पळूच देत नाहीत" हे नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणाला, आमच्या ऑफिसातही हेच.

फ्रँकोनियाकर

मी न्युरेंबर्गजवळ राहतो, म्हणजे गेमच्या नकाशातच म्हणा ना. थोडी भर घालतो.

बाड विंड्सहाइमला फ्रँकोनियाचं मोठं खुलं संग्रहालय आहे. गावोगावची जुनी घरं उचलून तिथे पुन्हा उभी केली आहेत, त्यात चौदाव्या शतकातलं एक शेतकऱ्याचं घरही आहे. भलंमोठं उतरतं छप्पर, जवळजवळ जमिनीपर्यंत आलेलं, आणि त्याच छपराखाली माणसं आणि गुरं. गोठा वेगळा नाहीच. गेममध्ये बैल उघड्यावर पोस्टला बांधलेला बघितला की मला थंडीतली इथली हवा आठवते आणि कसंसंच होतं.

आणखी एक, कुळवाडींसाठी. दक्षिण जर्मनीत जुन्या काळी जू मानेवर नसून बऱ्याच ठिकाणी कपाळावर असायचं. शिंगांच्या खाली कपाळावर बसेल अशी लाकडाची बाकदार पट्टी, आतून गादी लावलेली, चामड्याच्या वाद्यांनी शिंगांना आवळून बांधलेली. बैल डोक्याने रेटतो. हातात घेऊन बघितली तर अपेक्षेपेक्षा जड आहे. आपल्या बैलाला वशिंड असतं, जू त्याच्या पुढे अडकून राहतं. इथल्या गुरांची पाठ सपाट, तिथे मानेवरचं जू मागे सरकणारच.

आणि इथल्या गावांत घोडेवाला शेतकरी, बैलवाला शेतकरी आणि गायवाला शेतकरी अशी उतरंड होती. ज्याला बैलही परवडत नव्हता तो दुभती गायच जुंपायचा. अगदी विसाव्या शतकापर्यंत. गेममध्ये गायी जुंपायची सोय आली तर गरीब गावाची खरी कळा दिसेल.

कुळवाडी

कपाळावरचं जू ही माहिती नवीन. आमच्या बैलाला असं बांधलं तर तो पहिल्यांदा बांधणाऱ्यालाच शिंगावर घेईल. खिल्लाराची शिंगं तुम्हाला माहीत आहेतच.

जुनागेमर

@फ्रँकोनियाकर, बैल यायचे कुठून तिकडे? गेममध्ये "मागवला, आला" असं आहे.

फ्रँकोनियाकर

स्थानिक पैदास होतीच. पण मोठा व्यापार हंगेरीकडून. तिथल्या माळरानावरचे बैल शेकडो किलोमीटर चालवत ऑग्सबर्ग, न्युरेंबर्गपर्यंत आणायचे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तो जोरात होता. ते मुख्यतः शहरांतल्या खाटकांसाठी, कामासाठी नव्हे. तरी गेममधला बैल नकाशाच्या कडेने चालत येतो ते मला म्हणूनच पटतं.

हिशेबनीस

आता नांगराचं बोलूया, कारण खरा घोळ तिथे आहे. डेव्हलपमेंट पॉइंट (गाव वाढलं की मिळणारे गुण) टाकून हेवी प्लाऊ, म्हणजे जड नांगर, घेतला की फार्महाउसला बैल देता येतो. नाव भारदस्त असल्यामुळे सगळे जण तो आधी घेतात. माझ्या मते घेऊ नये, निदान सुरुवातीला तरी. फार्महाउसवर आठ कुटुंबं लावता येतात. तेवढे हात असतील तर मोठं शेत ते बैलापेक्षा आधी उरकतात. बैल एकटा, एका वेळी एकाच शेतात, आणि बाकीचे त्याची वाट बघतात. हेवी प्लाऊचा उपयोग माणसं कमी आणि शेतं जास्त असतील तेव्हा.

रात्रपाळी

अर्धं पटलं. शेताच्या आकाराचं काय पण? चौकोनी शेतात बैल सारखा वळत बसतो. अरुंद आणि लांबलचक पट्टे काढले की वळणं कमी होतात, हा फरक उघड दिसतो. मी साधारण एक मॉर्गन (गेममधलं जमिनीचं माप) किंवा त्याहून लहान असे पट्टे शेजारी शेजारी काढतो. दोन बैल, दोन पट्टे.

कापणी सप्टेंबरात, नांगरट-पेरणी त्यामागोमाग, आणि हिवाळा येऊन ठेपलेला. या फटीत बैल जंगलात ओंडके ओढत बसला असेल तर शेत राहिलंच. शेताचा बैल वेगळा आणि लाकडाचा वेगळा, यात काटकसर करू नये.

गढीवाली

लांब पट्ट्यांचं कारण अस्सल आहे, गेमपुरतं नाही. तो नांगर म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा हलका लाकडी नांगर नव्हे. पुढे माती उभी चिरणारी सुरी, मागे रुंद फाळ, आणि ढेकूळ एका बाजूला पलटवणारी फळी. उत्तर युरोपातल्या ओल्या, चिकट जमिनीसाठी. त्याला बैल जास्त लागायचे, कधी आठ-आठसुद्धा, आणि एवढी रांग वळवणं म्हणजे दिव्य. म्हणून एकदा निघालं की जितकं लांब सरळ जाता येईल तितकं जायचं.

इंग्रजी एकराचा मूळ आकारच बघा: लांबी २२० यार्ड, रुंदी २२ यार्ड. एका दिवसात नांगरून होईल अशी कल्पना. जर्मन मॉर्गनसुद्धा सकाळच्या नांगरणीवरून ठरलेलं माप. इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये अजून काही कुरणांत ते जुने वरंबे दिसतात. टोकाला ते उलट्या एससारखे वाकलेले असतात, कारण बैलांची रांग वळणाच्या आधीपासूनच तिरकी घ्यावी लागायची.

जुनागेमर

२२ यार्ड म्हणजे पिचची लांबी! बैल वळवायला एवढी जागा लागायची आणि आपण तिथे रन-आउट होतो.

शंकेखोर

आठ-आठ बैल एका नांगराला? मग माझे सात बैल बरोबरच होते की. एक कमीच पडला उलट.

गढीवाली

:) १०८६ मध्ये विल्यम राजाने इंग्लंडची जी गावनिहाय मोजणी करवली तिच्यात नांगर मोजले आहेत, आणि हिशेबाला एक नांगर म्हणजे आठ बैल धरलेत. प्रत्यक्षात सगळीकडे आठच जुंपत होते असं नाही. लुट्रेल साल्टर या चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितात नांगरणीचं एक चित्र आहे. त्यात चार बैल आहेत, एक माणूस नांगर धरलेला, दुसरा लांब चाबूक घेऊन हाकतोय. म्हणजे बैल जास्त तरी माणसं दोनच.

आणि हे बैल एकाचे नसत. साध्या कुळाकडे एक नाहीतर दोन. चार-पाच घरांनी मिळून नांगर भरायचा आणि आळीपाळीने सगळ्यांची जमीन करायची. एका बैलाच्या वाट्याला येईल तेवढी जमीन, आठ बैलांची मिळून एका नांगराची जमीन, असं मोजमापच होतं.

कुळवाडी

ही तर इर्जिक झाली. आमच्याकडे आजोबांच्या तोंडी सहा बैली, आठ बैली नांगर हा शब्द असायचा. काळी जमीन, हरळी माजलेली, एका जोडीने फाळ आत जात नाही. मग ज्याच्या शेताची पाळी तो सगळ्यांना सांगणार, लोक आपापली जोडी घेऊन येणार, आणि जेवण त्या दिवशी मालकाचं. पैसे कोणी घेत नसे. उद्या माझ्याकडे, परवा तुझ्याकडे. कोणाचा बैल त्या दिवशी कमी ओढला यावरून मात्र वर्षभर टोमणे.

गेममध्ये घ्यायची असेल तर ही गोष्ट घ्या. बैल गावाचा असं न ठेवता घराघरांचा ठेवा, आणि नांगराच्या वेळी चार घरांचं जमलं तर शेत होईल, बिनसलं तर पडीत. मग बघा गाव चालवणं किती अवघड आहे.

रात्रपाळी

हे झालं तर मी बाकी सगळे गेम सोडून देईन. सध्या सगळा माल "रीजन"चा, त्यामुळे भांडणं फक्त बॅरनशी. घराघरांतलं भांडण नाहीच.

मामलेदारीण

उशिरा आले. मेंढ्यांवर कोणी बोललंच नाही? फर्टिलायझेशनचा पॉइंट घेतला की पडीत शेताला कुंपण करून मेंढ्या बसवता येतात आणि जमिनीचा कस परत येतो. माझ्या मते सुरुवातीला हेवी प्लाऊपेक्षा हा पॉइंट जास्त कामाचा. मेंढी ओढत काही नाही, पण खतही देते आणि लोकरही. बैल शेत लवकर नांगरून देईल, पण कस गेलेलं शेत लवकर नांगरून उपयोग काय?

मेंढ्या आधी आणायला लागतात लाइव्हस्टॉक ट्रेडिंग पोस्टमधून, आणि बऱ्यापैकी महाग पडतात, हे मात्र धरून चाला.

हिशेबनीस

+१. फर्टिलायझेशन आधी. हेवी प्लाऊ नंतर, किंवा घेऊच नका.

टवाळखोर

एवढी बैलपुराणं वाचून यंदा पोळ्याला मी हिचिंग पोस्टपाशी पुरणपोळी ठेवणार आहे. मॉड (गेममध्ये घालायची हौशी भर) कोणी बनवत असेल तर शिंगांना बेगड आणि पाठीवर झूल एवढं तरी द्या.

फ्रँकोनियाकर

बेगड इथल्या बैलाच्या कपाळावरच्या जुवावर लावावी लागेल.

पहिल्यांदाच_लिहितेय

सगळं वाचून काढलं, खूप उपयोग झाला. एक प्रश्न आहे. दुसरा रीजन घेतलाय. पहिल्या गावात लोखंड भरपूर, दुसऱ्यात जमीन चांगली. पहिल्याचे दोन बैल दुसरीकडे पाठवता येतील का? की तिथे पुन्हा शून्यापासून?

रात्रपाळी

बैल असे उचलून नेता येत नाहीत, त्या गावाच्या पुंजीतूनच घ्यावे लागतात. दोन गावांत मालाची अदलाबदल करायला पॅक स्टेशन टाका, त्याला खेचर लागतं. खेचर बैलाच्या पोस्टवर मिळत नाही, लाइव्हस्टॉक ट्रेडिंग पोस्टमधून मागवा. बाहेरच्या व्यापाराला माणूस कमी पडत असेल तर ट्रेडिंग पोस्टला घोडाही देता येतो.

दुसऱ्या गावात पहिला बैल आला की लगेच शेताकडे वळवू नका. आधी लॉगिंग कॅम्प जंगलाच्या कडेला, त्याला लागून पोस्ट, आणि घरांची पहिली ओळ त्याच बाजूला काढा. बाजार आणि चर्च नंतर हवं तिथे घ्या. आणि बैल कॅम्पच्या नावावर लावू नका, मोकळाच ठेवा.

पहिल्यांदाच_लिहितेय

लावलाय ऑलरेडी :( आत्ता काढते.